झांबियाच्या पावसासाठी शिवलेला कोट

आफ्रिकेत घाम यावा म्हणून माणसाला किती कष्ट घ्यावे लागतात, याची कल्पना आमच्या मंठा गावात बसून येत नाही. मी ते कष्ट घेतलेले आहेत. झांबिया देशात, चिपाटा नावाच्या शहरात, भल्या पहाटे, दाढा एकमेकींवर वाजत असताना, होणाऱ्या बायकोला व्हिडिओ कॉलवर "फार उकडतंय इकडे" एवढं एक वाक्य पटवून देण्यासाठी मी आधी जागच्या जागी उड्या मारल्या, मग जोर काढले, आणि तरीही घाम फुटेना तेव्हा कपाळावर नळाचं पाणी शिंपडलं. ते पाणी इतकं गार होतं की माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खोलीतला पाहुणा मदतीला धावत आला.

या सगळ्याला जबाबदार मीच आहे. पण एकटा नाही. या कामात आमच्या अख्ख्या गल्लीनं तनमनानं भाग घेतला होता. मी फक्त त्यांच्या वतीनं विमानात बसलो होतो.

तर मी सोमेश्वर. बी.एस्सी. ॲग्री. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसर. फील्ड ऑफिसर म्हटलं की लोकांना जीप दिसते. प्रत्यक्षात त्यात एक मोटारसायकल, एक टोपी आणि लोकांच्या रानातली बोंडं मोजणं एवढंच असतं, आणि टोपी कंपनीची असते. त्यातून मी टेम्पररी. या टेम्पररीपणाचं मला काही वाटत नव्हतं, पण आष्टीच्या कडूबामामांना फार वाटत होतं. कडूबामामा म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोचे, अर्पिताचे, वडील. साखरपुड्याच्या दिवशी, माझ्या तोंडात पेढा असताना, त्यांनी भर मांडवात जाहीर केलं, "पोरगा परमनंट होऊ द्या, मंग काढू तारीख." तो पेढा मी अजून गिळतोय असं मला वाटतं. दोन लगीनसराया गेल्या. माझ्याबरोबरच्या मित्रांची पोरं मला काका म्हणायला लागली, आणि मी मात्र हळद बघितली की मान फिरवायला लागलो.

अशात आमच्या कंपनीच्या मालकांनी, रखमाजीअण्णांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. अण्णांची शेतीवर अपार श्रद्धा आहे. भूगोलावर नाही. जालन्याच्या कृषी प्रदर्शनात मिस्टर फिरी नावाचे झांबियाचे एक बियाणे-खतांचे दुकानदार आले होते, त्यांनी आमच्या 'झंझावात' या सरकीच्या वाणाची चौकशी केली होती आणि आता त्यांचा ईमेल आला होता. त्यात एकच मुद्द्याची ओळ होती : 'तुमचा माणूस जूनमध्ये पाठवा. जूनमध्ये आमच्याकडे रस्ते चांगले असतात.'

आता इथं थांबून विचार करण्यासारखं आहे. जूनमध्ये रस्ते चांगले असतात, असं कुणी आपल्याला सांगितलं तर आपल्या मनात काय यायला पाहिजे? आपल्याकडे जूनमध्ये रस्ता उरतच नाही. काळ्या मातीत मोटारसायकल रुतली की माणूस चप्पल तिथंच सोडून घरी येतो आणि दिवाळीला घेऊन जातो. मग त्यांच्याकडेच जूनमध्ये रस्ते चांगले कसे? हा प्रश्न कुणालाही पडायला हवा होता. अण्णांना पडला. त्यांनी त्याचं उत्तरही लगेच दिलं.

"म्हंजे डांबरी हायेत."

"अण्णा, पण तिथले हंगाम वेगळे असतील का?"

"येगळे म्हंजे? कापूस लावत्यात का न्हाई?"

"लावतात."

"कापूस कवा लावत्यात?"

"मृगात."

"मंग! मृग काय आपल्या एकट्या जालना जिल्ह्याचा हाये का? आभाळात असतो त्यो. तिथूनबी दिसत असंल. जल्दी निघ. पेरणीच्या तोंडावर पोच, शेतकऱ्याच्या हातानं सरकी टाकून घे, फोटो पाठव. ऑर्डर घेऊन आलास की दुसऱ्या दिवशी परमनंटचं पत्र."

परमनंट हा शब्द ऐकल्यावर माझ्या डोक्यातला बी.एस्सी. झालेला भाग बंद पडला. मला मृग स्पष्ट दिसायला लागला. तो झांबियावर होता.

गल्लीत बातमी माझ्या आईनं, म्हणजे नंदाबाईनं, दळण टाकून येईपर्यंत पोचवली. संध्याकाळी आमच्या ओट्यावर आफ्रिकेची माहिती असलेली माणसं जमली. कुणी आफ्रिकेला गेलं नव्हतं, पण परभणीला सगळे उन्हाळ्यात गेले होते, आणि आफ्रिका म्हणजे परभणीच्या पुढचं काहीतरी, यावर एकमत झालं. आईनं गुलकंदाची बरणी काढली. शेजारच्या लालबीचाचींनी खिशात ठेवायला कांदे निवडून दिले. ऊन लागू नये म्हणून आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात. चाचींनी त्यातही पांढरे निवडले, कारण लाल कांदा साध्या उन्हाला पुरला असता पण आफ्रिकेच्या नाही.

चाचींचे यजमान महेमूदचाचा मघापासून माझी उंची बघत होते. त्यांचं बाजारात ताडपत्रीचं दुकान आहे. ट्रकची ताडपत्री, ट्रॉलीची ताडपत्री, मळणीयंत्राची झूल, सगळं ते स्वतः शिवतात. अखेर ते उठले, त्यांनी टेप काढली आणि माझ्या खांद्याला लावली.

"गरमी-बिरमी सब ठीक हाये," ते म्हणाले, "पन जून में जा राह्यला ना तू? पाऊस का क्या? उधर का पाऊस देखा क्या टीव्ही पे? हत्ती पोहत होता हत्ती. तुझ्या त्या बाजारातल्या रेनकोटचं काम न्हाई बेटा. मैं सिलता हूं."

आणि त्यांनी शिवला. दुहेरी ताडपत्रीचा, निळा, घोट्यापर्यंत. शिवण तिहेरी. कडेनं पितळी कड्या, कारण हाताला सवय. कोट असा होता की तो घालायला मी नसलो तरी उभा राहत होता. मी पहिल्यांदा आत शिरलो तेव्हा बाहेरचं काही ऐकू येईना. चाचा माझ्याभोवती फिरून म्हणाले, "ये कोट न्हाई, घर हाये घर. तीन साल की गॅरंटी."

मी अगदीच अडाणी नाही. रात्री मोबाईलवर चिपाटाचं हवामान बघितलं. त्यात लिहिलं होतं : कमाल चोवीस, किमान दहा, पाऊस शून्य. मी ते सकाळी ओट्यावर दाखवलं. सगळ्यांनी आळीपाळीनं मोबाईल हातात घेऊन बघितला आणि परत दिला, आजारी माणसाला बघून येतात तसा.

"आफ्रिकेत दहा?" आई म्हणाली. "हँग झालाय त्यो."

"ह्येच मोबाईल ना," चाचा म्हणाले, "जो परवा अपने सर पे गारा पडत असताना सूर्य दाखवत होता? उसको मंठा दिखता न्हाई, झांबिया क्या दिखेगा?"

मी मोबाईल खिशात ठेवला.

या युक्तिवादाला उत्तर फक्त अर्पिताकडे होतं. ती परतूरला एका शाळेत भूगोल शिकवते, ही गोष्ट मी लग्न ठरवताना गांभीर्यानं घेतली नव्हती. तिनं फोन केला.

"अहो, स्वेटर घेतलं का?"

"स्वेटर? आफ्रिकेला?"

"झांबिया विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. जूनमध्ये तिथं हिवाळा असतो. पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. शिवाय सगळं पठार आहे. थंडी वाजेल तुम्हाला."

"अर्पिता, झांबिया उष्ण कटिबंधात आहे. त्या कटिबंधाचं नावच उष्ण आहे. ते काय उगाच ठेवलं असेल?"

"अहो पण..."

"मी बी.एस्सी. ॲग्री आहे."

या वाक्यानं मी आयुष्यात पुष्कळ चर्चा संपवल्या आहेत. त्यातली एकही जिंकलेली नाही.

"बरं," ती म्हणाली. "घाम आला की फोटो पाठवा."

तिच्या त्या 'बरं'नं माझं सगळं पुढचं आयुष्य ठरवलं. आता काहीही झालं तरी मला झांबियात उकडणं भाग होतं.

सरकारी कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय लांबवला की माझा रक्तदाब वाढतो. झांबियाला जायला दोन प्रमाणपत्रं लागत होती : सरकीला रोग नाही याचं, आणि मला पिवळ्या तापाची लस दिली याचं. सरकीचं काम एका खेपेत झालं. साहेबांनी दाणे हातात घेतले, उजेडात धरले, "तब्येत चांगली आहे" म्हणाले. मला मात्र लस देणाऱ्यांनी तीनदा परत पाठवलं. एकदा लस संपली होती, एकदा लस होती पण ती पाच जणांची बाटली उघडायला माझ्यासारखे आणखी चार जण पाहिजे होते, आणि एकदा पासपोर्टवरचा फोटो माझ्यासारखा दिसत नव्हता. मी म्हणालो, "साहेब, तेव्हा मी आनंदी होतो." दरम्यान लालबीचाचींना पिवळा ताप म्हणजे कावीळच वाटल्यामुळे त्यांनी मला रोज रसवंतीवर नेऊन उसाचा रस पाजला. लस मिळाली तेव्हा माझ्या अंगात एवढा ऊस होता की कारखान्यानं मला गाळपाला घेतलं असतं.

मुंबईच्या विमानतळावर बॅग वजनाला जास्त भरली. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, काहीतरी कमी करा. मी सरकी कमी करू शकत नव्हतो, गुलकंद कमी केला असता तर आईनं मला कमी केलं असतं, म्हणून कोट बाहेर काढला. हातात धरता येत नव्हता, सबब अंगात घातला. पायात गमबूट चढवले, तेही बॅगेत मावत नव्हते. जूनच्या सुरुवातीची मुंबई, पाऊस पडायचा आहे आणि हवा तव्यावरची, आणि मी दुहेरी ताडपत्रीत. चाललो की कोटाचा आवाज असा येत होता की लोक ट्रॉली समजून मागं वळून वाट देत होते. तपासणीच्या पोरानं माझ्या खिशातून एकेक कांदा काढून ट्रेमध्ये ठेवला.

"ये क्या है?"

"उष्माघातासाठी."

त्यानं मला वरून खाली बघितलं. "फिर कोट निकाल दो ना," तो म्हणाला.

माझ्या आफ्रिकेच्या सबंध प्रवासात मला घाम आला तो फक्त इथं. फोटो काढून ठेवायला हवा होता. सुचलं नाही.

लुसाकाला उतरलो तर समोर सगळी माणसं जाकिटात. मिस्टर फिरींनी लोकरीची टोपी कानावर ओढली होती आणि हात बगलेत घातले होते. गोल चेहऱ्याचे, हळू बोलणारे, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी माझा हात हातात घेतला, माझ्या कोटाकडे बघितलं, गमबुटांकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं निळं होतं.

"मिस्टर सोमेश्वर," ते काळजीनं म्हणाले, "पावसाबद्दल तुम्हाला काही समजलंय का? आम्हाला अजून कुणी कळवलेलं नाही."

मी म्हणालो, "आमच्याकडे अशी फॅशन आहे."

चिपाटाला जाणारा रस्ता दिवसभराचा. तो रस्ता खरोखर चांगला होता, याचं मला दुःख आहे. मिस्टर फिरी अभिमानानं दाखवत होते : हा बघा कच्चा फाटा, जानेवारीत इथं ट्रक रुततो तो मार्चला निघतो. हा ओढा, पावसात याच्यावरचा पूल पाण्याखाली जातो, मग पलीकडची गावं पलीकडेच राहतात. "म्हणून तुम्हाला जूनमध्ये बोलावलं. सुगी झालेली असते, शेतकरी मोकळा असतो, रस्ता कोरडा असतो. निवांत बोलता येतं. पेरणीला अजून पाच महिने आहेत."

"पाच महिने," मी म्हणालो.

"नोव्हेंबरचा पाऊस पडला की पेरणी."

मी खिडकीबाहेर बघितलं. दुतर्फा वेचलेल्या कापसाच्या पळाट्या उभ्या होत्या. ट्रॅक्टरच्या मागं कापसाची गाठोडी चालली होती. मी मृगाच्या पेरणीला आलो होतो आणि समोर या लोकांची दिवाळी चालली होती. रस्ता जर जरा वाईट असता, एखादा पूल जर वाहून गेलेला असता, तर मी चिपाटापर्यंत पोचलोच नसतो आणि माझी इज्जत अलीकडच्या काठावर सुखरूप राहिली असती. पण नाही. एक खड्डा नव्हता.

त्या रात्री मी अंगावर होतं नव्हतं ते सगळं घेतलं, वरून कोट घातला, आणि पहाटे उठून अर्पिताला फोन लावला. आधी कोट काढून लपवला आणि गंजिफ्रॉकवर बसलो. उड्या, जोर, गार पाणी, सगळं झालेलं होतं.

"फार उकडतंय इकडे," मी म्हणालो.

तिनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. "तुमच्या तोंडातून वाफ निघून राह्यली."

"उकाड्याचीच वाफ आहे ती."

"आणि आवाज कापून राह्यला."

"नेटवर्क."

"बरं," अर्पिता म्हणाली. हे दुसरं 'बरं' पहिल्यापेक्षा वाईट होतं.

सकाळी मिस्टर फिरी मला उघड्या पिकअपमधून एका गावात घेऊन गेले. मी कोटातच होतो. तेवढा एकच गरम कपडा माझ्याकडे होता. झाडाखाली शेतकरी जमले होते. त्यांच्या म्होरक्या मिसेस बांदा नावाच्या बाई होत्या, पन्नाशीच्या, आमच्या कुठल्याही गावातल्या सरपंचबाईच्या तोडीच्या. मी अण्णांनी पाठ करून घेतलेलं भाषण इंग्रजीत ठोकलं, मिस्टर फिरी त्यांच्या भाषेत सांगत गेले. शेवटचं वाक्य होतं, 'चला तर, वेळ दवडू नका, आजच पेरा.' मिस्टर फिरींनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी ते सांगितलं.

शेतकऱ्यांनी आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे बघितलं. मग मिसेस बांदांनी काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, हे बी पाच महिने पाण्याशिवाय जमिनीत काय करेल?"

मी म्हणालो, "झंझावात फार दणकट वाण आहे."

तेवढ्यात अण्णांचा फोन. "पेरलं का? फोटो टाक."

मी म्हटलं, एका फोटोपुरतं तरी पेरू. कुदळ मागितली. पहिला घाव घातला तो जमिनीवर वाजला आणि कुदळ माझ्या कपाळापर्यंत परत आली. दुसऱ्या घावाला मुलं हसायला लागली. तिसऱ्याला एक म्हातारे आजोबा काठी टेकत आले, त्यांनी माझ्या हातातून कुदळ अलगद काढून घेतली आणि मला सावलीत बसवलं. अण्णांना मी सावलीत बसल्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, 'रान कुठंय?'

ऑर्डर गेली. परमनंट गेलं. माझ्या डोळ्यांसमोर कडूबामामा उभे राहिले, त्यांच्या हातात पेढ्याचा पुडा होता आणि ते तो परत कपाटात ठेवत होते.

मी मान खाली घालून बसलो तेव्हा लक्षात आलं, मिसेस बांदा माझ्या कोटाचं टोक बोटांत धरून चुरगाळून बघतायत. त्यांनी शिवण ओढून बघितली. कडी नखानं वाजवली. मग त्यांनी मला खुणेनं सांगितलं, काढा. पाहुण्यानं हट्ट करू नये म्हणून मी काढला, आणि आफ्रिकेत पहिल्यांदाच सगळ्यांसमोर खऱ्या अर्थानं कुडकुडलो. बाईंनी कोट अंगणात नेला. तिथं शेंगा वाळत घातल्या होत्या, थेट मातीवर. वाऱ्यानं धूळ उडत होती, शेळ्या मध्येच तोंड घालत होत्या. त्यांनी कोट उताणा पसरला, बाह्या दोन्हीकडे लांब केल्या आणि वर टोपलंभर शेंगा ओतल्या. एका बाहीत मका भरला. तो कोट तिथं हात पसरून पडला होता, पोटावर शेंगा घेऊन, आणि मला प्रामाणिकपणे वाटलं की आमच्या दोघांपैकी निदान त्याला तरी काम मिळालं.

मग बायकाच बायका. प्रत्येकीनं शिवण ओढली. मिसेस बांदा मिस्टर फिरींना काहीतरी ठणकावून सांगायला लागल्या.

"त्या म्हणतात, बी आमच्याकडे आहे. हे कुठं मिळतं?"

मी महेमूदचाचांना व्हिडिओ कॉल लावला. चाचांनी पडद्यात आधी कोट बघितला, त्याच्यावरच्या शेंगा बघितल्या आणि गंभीरपणे म्हणाले, "सोमू, पाऊस कहां हाये?"

"चाचा, मंग सांगतो. या बाईंना बोला."

पुढचा अर्धा तास चाचा दखनीत आणि मिसेस बांदा त्यांच्या भाषेत बोलत होत्या, आणि दोघांनाही मिस्टर फिरींची किंवा माझी गरज पडली नाही. चाचा कोटाची घडी कशी घालायची ते स्वतःच्या दुकानातल्या कापडावर दाखवत होते, बाई बोटांनी लांबी सांगत होत्या, चाचा "ना ना ना" करत होते, बाई तोंड फिरवून उठून जात होत्या आणि परत येत होत्या. असा सौदा मी मंठ्याच्या बाजारातही बघितला नाही. शेवटी दोघं एकदम हसले. मिस्टर फिरींनी ट्रकभर ताडपत्रीची ऑर्डर लिहून घेतली. अट एकच : नोव्हेंबरच्या आत पोचली पाहिजे, पाऊस लागला की गावांचे रस्ते बंद.

मी परत आलो तो सर्दी-तापानं फणफणून. मंठ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मृग संपत आला होता, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि गाव चाळिशीत भाजत होतं. मी मिस्टर फिरींनी दिलेली लोकरीची टोपी घालून, अंगाभोवती हात गुंडाळून, थडथड कापत गल्लीत शिरलो. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली.

"या अल्ला," लालबीचाची म्हणाल्या. "उधर कित्ती गरमी होगी! पोराला आता आपला उन्हाळा थंड वाटून राह्यला!"

सगळ्यांनी हळहळून माना डोलावल्या. मी टोपी कानांवर आणखी खाली ओढली. थंडी वाजत होती, आणि शिवाय ते म्हणत होते ते अर्पिताला सांगायला सोयीचं होतं.

अण्णांनी केबिनमध्ये बस म्हटलं नाही. "सरकी घेऊन गेल्तास आन् ताडपत्री विकून आलास," ते म्हणाले. "उद्या तुला ताडपत्री विकाया पाठवलं तर काय विकशील?" कंपनीची टोपी परत मागून घेतली, म्हणजे नोकरीही.

कडूबामामा आष्टीहून आले, अर्पिताला घेऊन. त्यांचा चेहरा लग्न मोडायला आलेल्या माणसाचा होता. आई चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेली ती बाहेर येईना. मामांनी घसा साफ केला तोच महेमूदचाचा दारात.

"मामा, पोरगा आता माझ्याकडं हाये. एक्सपोर्ट बघंल."

"टेम्पररी का परमनंट?" मामा म्हणाले. या माणसाला मी दाद देतो.

"मेरे इधर टेम्पररी एकच चीज राहते. कच्चा टाका. वो भी शाम तक उसवतो."

"तोंडी न्हाई चालत. पत्र पायजे."

चाचांकडे लेटरहेड नव्हतं. ते गेले आणि संध्याकाळी पत्र घेऊन आले : हातभर रुंद निळी ताडपत्री, त्यावर ट्रकवर नाव टाकतात तशा लाल ऑइलपेंटच्या अक्षरांत 'श्री. सोमेश्वर. मॅनेजर. परमनंट.' चारी कोपऱ्यांना पितळी कड्या, बांधायला सोपं जावं म्हणून. मामांनी शिवण ओढून बघितली. नख मारून रंग बघितला. पावसात निघणार नाही याची खात्री झाल्यावर घडी घालून काखेत घेतली. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली.

"माझीपण एक अट आहे," अर्पिता म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती. "जूनमध्ये झांबियात काय असतं, ते एकदा सगळ्यांसमोर सांगा."

मी कडूबामामांकडे बघितलं. पत्र काखेत होतं, पण काखेतून परत निघायला वेळ लागत नाही. मी ओट्यावर उभा राहिलो. आणि एकदा बोलायला लागलो की मला थांबता येत नाही. मी थंडी सांगितली, गंजिफ्रॉक सांगितला, उड्या सांगितल्या, वाफ सांगितली. आफ्रिकेत थंडी असते, असते आणि असते, हे मी छातीवर हात मारून सांगितलं. अर्पितानं सांगितलेलं अक्षरन् अक्षर खरं होतं, हेही सांगितलं. लालबीचाचींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पोरगा उधर ठंड में मर राह्यला था," त्या म्हणाल्या, "और हम उसको कांदे दिए!"

अख्ख्या गल्लीला ते लागलं. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर आफ्रिका थंड झाली. नुसती थंड नाही, काश्मीर झाली. आणि गणपतीच्या सुमाराला माल जहाजावर चढला तेव्हा चाचा म्हणाले, बेटा, ऑक्टोबर में जाके उतरवून घे, पावसाच्या आत.

ऑक्टोबर हा झांबियातला सगळ्यात तापलेला महिना असतो. हे मला अर्पितानं सांगितलं, आणि या वेळी मी वहीत लिहून घ्यायचा तेवढा बाकी होतो. मी गल्लीत सांगून बघितलं. मोबाईल दाखवला, त्यात एकोणचाळीस लिहिलं होतं. सगळ्यांनी आळीपाळीनं बघून परत दिला.

"तूच तर बोला था," चाचा म्हणाले.

"हँग झालाय त्यो," आई म्हणाली.

निघायच्या दिवशी मंठ्याच्या स्टँडवर ऑक्टोबरचं ऊन असं होतं की कुत्री एसटीच्या सावलीत सरकत सरकत मुंबईला निघाली होती. मी दोन स्वेटर, माकडटोपी आणि चाचांनी आतून गोधडी लावून शिवलेला नवा कोट घालून उभा होतो. बॅगेत मावला नव्हता. चाचींनी प्रत्येक बटण स्वतः लावलं होतं आणि सबंध गल्ली मी एखादं काढतो का यावर लक्ष ठेवून होती.

अर्पिता परतूरहून आली होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी आत बसल्यावर, बस हलायच्या आधी, कुणाचं लक्ष नाही असं बघून, तिनं खिडकीतून हात घातला आणि माझ्या खिशात एक कांदा टाकला.

पांढरा होता.